उजव्या डोळ्याने लावलेली पानं

आधी मॉनिटर बदलला. मग त्याची केबल. मग डोक्यावरची ट्यूब. डोळा सगळ्यात शेवटी.

हा क्रम माझ्या डोक्यातून जात नाही. प्रत्येक वेळी मी शेजारच्याच टेबलावर बसले होते.

काका आमच्या छापखान्यात पानं लावतात. म्हणजे लेखकाचा मजकूर संगणकावर पुस्तकाच्या पानात बसवतात. वय अठ्ठावन्न, त्यातली चौतीस वर्षं याच कामात. पहिली काही वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे सुटी ओतीव अक्षरं, नंतर संगणक. छापखान्यात त्यांना सगळे 'मिलिमीटर' म्हणतात, तेही तोंडावर. त्यांना त्याचा राग नाही. फक्त एवढंच म्हणतात, "मिलिमीटर फार मोठा असतो रे. मिलिमीटरमध्ये माझं अख्खं दुपारचं काम बसतं."

आमची खोली वर आहे, छपाईचं मशीन खाली. मशीन सुरू झालं की फरशी थरथरते आणि चहाच्या कपात वलयं उठतात. खोलीत दोन टेबलं. भिंतीकडचं काकांचं, खिडकीकडचं माझं. मी साहित्यात एम. ए. करून इथे प्रूफं वाचायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय शिकलीस?"

"साहित्य."

"बरं. म्हणजे काळं वाचता येतं. पांढरं वाचायला किती दिवस लागतील तुला?"

पांढरं म्हणजे अक्षरांमधली, शब्दांमधली, ओळींमधली जागा. एकदा एका परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत एकटाच 'आहे' उरला होता. त्यांनी त्या परिच्छेदातल्या अक्षरांमधलं अंतर केसाएवढं कमी केलं. वरच्या ओळी किंचित आवळल्या आणि तो 'आहे' वर सरकून इतरांत जाऊन बसला. कुठे काही केलंय असं पान बघून कळत नव्हतं. "घेतलं बिचाऱ्याला घरात," काका म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले.

अंतर कमी करण्याचे त्यांचे नियम ठरलेले होते. उणे तीन चालतं. उणे पाच नाइलाजाने. त्यापुढे अक्षरं एकमेकांच्या पायावर पाय देतात. वाढवायचं मात्र नाही. "इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात. त्यांच्यात थोडी हवा सोडली तरी बिघडत नाही. आपली अक्षरं एका दांडीला लटकलेली. हवा सोडलीस की दांडी तुटली. शिरोरेषा तुटलेला शब्द म्हणजे छप्पर उडालेलं घर. कितीही रंगवा, पाणी आत येणारच."

आणि एक सवय. अंतर तपासताना ते डावा डोळा मिटायचे. खिळ्यांच्या काळात भिंग उजव्या डोळ्याला लावायचे, तेव्हापासूनची. हनुवटी जवळजवळ टेबलाला टेकवायची, डावा डोळा मिटायचा, उजव्याने अक्षराकडे रोखून बघायचं. डाव्या हाताने एक कळ दाबून धरायची आणि उजव्याने बाणाची कळ टकटक मारायची. प्रत्येक टकटकीला अक्षर थोडं सरकतं. किती सरकलं याचा आकडा बाजूच्या चौकटीत येतो. काका तिकडे बघायचे नाहीत. "आकडे बघून जुळवायला मी काय वजनकाटा आहे?"

बाकी सगळं ते दोन्ही डोळ्यांनी बघायचे. वर्तमानपत्र, जिना, माणसं. म्हणून आम्हाला कुणालाच कळलं नाही. त्यांनाही नाही.

त्या वर्षी शाळेच्या पाचवीच्या वाचनपुस्तकाचं काम आमच्याकडे आलं. मोठा टाइप, ऐसपैस ओळी, छत्तीस धडे. काकांनी ते अंगावर घेतलं. मालकीणबाईंना म्हणाले, "कादंबरीत चूक झाली तर वाचणारा समजून घेतो. दहा वर्षांच्या पोराला वाटतं, चूक आपलीच." त्यांनी कामाची यादी करून भिंतीला चिकटवली आणि दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं बंद केलं.

दोन आठवड्यांनी ते मालकीणबाईंकडे गेले. बाईंची केबिन म्हणजे आमच्या खोलीतलाच एक कोपरा, मध्ये काच. सगळं ऐकू येतं.

"बाई, मॉनिटर वाकलाय."

"मॉनिटर कसा वाकेल?"

"मधे पोटात गेलाय. ओळींची निळी जाळी बघा की. सुतासारखी पाहिजे, तर दोरीवर ओलं धोतर टाकल्यासारखी झोळ खातेय."

बाई उठून आल्या. पडद्यावर बघितलं. पान भरून आखलेल्या बारीक निळ्या रेषा, ज्यांवर मजकुराच्या ओळी बसतात. "मला सरळ दिसतात."

"तुम्हाला आपला जिनासुद्धा सरळ दिसतो."

बाई हसल्या. त्यांचे वडील आणि काका बरोबरीचे, त्यामुळे काकांना एवढं बोलायची मुभा होती. चार दिवसांनी नवा मॉनिटर आला. काका दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, केबल जुनी आहे, तिच्यामुळे होतंय. केबल आली. मग म्हणाले, ट्यूबचा उजेड तिरका पडतो. मी स्टूल धरून उभी राहिले आणि त्यांनी स्वतः ट्यूब बदलली. खाली उतरल्यावर त्यांनी डावा डोळा मिटून पडद्याकडे बघितलं. बराच वेळ.

"आता?" मी विचारलं.

"बरं आहे," ते म्हणाले. खुर्ची ओढून कामाला लागले.

टकटक, टकटक. एरवी दिवसातून पाच-पन्नास वेळा ऐकू यायची. आता दिवसभर चालू असायची.

त्याच सुमारास माझ्याकडे चौथ्या धड्याचं प्रूफ आलं. धडा चिमणीचा होता. शेवटच्या ओळीत 'उडाली' या शब्दाची तिन्ही अक्षरं एकमेकांपासून सुटली होती. शिरोरेषेत दोन फटी होत्या. बारीक, पण होत्या.

मी ते बघितलं. मला ती चूक वाटली नाही. काकांच्या हातून शिरोरेषा तुटणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे मुद्दाम केलं असणार. चिमणी उडते आहे, म्हणून अक्षरंही हवेत. मला ते फार आवडलं. मी समासात पेन्सिलीने 'छान' लिहिलं आणि प्रूफ परत दिलं.

काकांनी ते वाचलं. माझ्याकडे बघून मान हलवली. खूश झाले होते.

पुढच्या धड्यांमध्ये तशी अक्षरं वाढत गेली. 'विहीर' सुटी होती, 'आजोबा' सुटे होते, 'अभ्यास' सुटा होता. विहिरीत मी खोली शोधली. आजोबांत म्हातारपणचा एकटेपणा शोधला. 'अभ्यास'पाशी माझं डोकं चालेना. तिथे मी ठरवलं की आपल्याला अजून पांढरं वाचता येत नाही. विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

असे सहा आठवडे गेले.

पहिल्या बत्तीस पानांचे कागद मशीनवर चढले त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मशीनवाले दादा वर आले. सहसा ते वर येत नाहीत. खालूनच हाक मारतात. हातात शाई ओली असलेला मोठा कागद होता. तो त्यांनी काकांच्या टेबलावर पसरला.

"मिलिमीटर, हे काय आहे?"

"काय आहे?"

"शब्द फुटलेत. हा बघ. हा, हा आणि हा."

काका वाकले. डावा डोळा मिटला. उजव्याने बघितलं. "काही फुटलं नाही. बरोबर आहे."

"अरे, माझी नात दाखवेल बोट ठेवून."

"मग तुझी प्लेट खराब आहे."

"प्लेट खराब असती तर सगळीकडे दिसलं असतं. ठरावीक ठिकाणीच कसं येईल? मशीन बंद करून आलोय मी. दहा मिनिटं झाली."

मशीन बंद असल्याचं तेव्हा माझ्या लक्षात आलं. फरशी थरथरत नव्हती.

बाई काचेआडून बाहेर आल्या. कागद बघितला. माझ्याकडे बघितलं. प्रूफं मी वाचते. मी खाली बघितलं.

"फाइल बघू," काका म्हणाले. आवाज चढलेला होता. "फाइलमध्ये बरोबर निघालं तर दादा, तू आज सगळ्यांना चहा पाजायचा."

पानं लावायच्या संगणक-प्रणालीत एक सोय आहे. हाताने जिथे जिथे अंतर बदललंय, ती सगळी अक्षरं हिरव्या रंगात दाखवायची. काकांनी ती कधी वापरली नव्हती. आपण कुठे हात लावलाय हे आपल्याला माहीत असतं, असं ते म्हणायचे. त्या दिवशी मला म्हणाले, "ते रंगाचं लाव गं." मी लावलं.

नववं पान कोरं होतं. दहावं जवळजवळ कोरं. चिमणीचं पान हिरवंगार झालं.

मी पानं पुढे-मागे सरकवत होते. अनुक्रमणिका कोरी. प्रश्नांची पानं कोरी. काकांना जे धडे आवडले होते, जे ते मला वाचून दाखवायचे, त्या पानांवर पाचोळ्यासारखा हिरवा रंग सांडला होता. जिथे त्यांनी जास्त जीव लावून बघितलं, तिथे जास्त बिघडलं होतं. जी पानं त्यांनी नुसती सोडून दिली, ती शाबूत होती.

"आकडा किती आहे?" बाईंनी विचारलं.

'उडाली'वर मी कर्सर ठेवला. चौकटीत आकडा आला. मी तो वाचला नाही. काकांनी स्वतः वाचला, दोन्ही डोळ्यांनी.

"अधिक चाळीस," ते म्हणाले.

दादांनी कागदाची कड दुमडली, परत सरळ केली.

"मी अधिक देत नाही," काका म्हणाले. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. पडद्याला सांगितलं.

मला तेव्हा ती निळी जाळी आठवली. ओलं धोतर आठवलं. मी म्हटलं, "काका, उजवा डोळा मिटा."

"का?"

"मिटा ना. डाव्याने बघा."

त्यांना ते पटकन जमेना. चौतीस वर्षं डावा मिटायची सवय. उजवा मिटायला गेले की दोन्ही मिटायचे. शेवटी त्यांनी तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला. मी जाळी लावली.

त्यांनी बघितलं. हात काढला. परत ठेवला. परत काढला. असं चार-पाच वेळा.

"मॉनिटर सरळ आहे," ते हळू म्हणाले.

दादा म्हणाले, "चहा राहू दे. डॉक्टरकडे चल."

डॉक्टरांकडे काकू आल्या होत्या. काकू शिवणकाम करतात. गळ्यातली मापाची टेप तशीच राहिली होती. मीही गेले, कुणी बोलावलं नसताना. डॉक्टरांनी काकांच्या हातात एक कागद दिला. चौकटी आखलेल्या, मध्ये एक ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि रेषा कशा दिसतात ते सांगायचं.

"अहो, हा तर माझा रोजचा कागद," काका म्हणाले. "याच्यापायी मी मॉनिटर, केबल, ट्यूब सगळं बदललं."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं. डोळ्याच्या आत मागे पडदा असतो. त्याच्या बरोब्बर मधल्या जागी मागून पाणी झिरपतंय. पडदा तिथे फुगलाय, म्हणून सरळ रेषा वाकतात आणि ज्या अक्षरावर नजर रोखाल ते आवळल्यासारखं दिसतं. बाजूची नजर चांगली असते, दुसरा डोळा सांभाळून घेतो, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. डोळ्यात इंजेक्शनं द्यायची. झिरपणं थांबेल. जे बिघडलंय ते किती भरून येईल, सांगता येत नाही.

"डोळ्यात?" काकू म्हणाल्या. "सुई?"

"तू रोज कापडाला देतेस की," काका म्हणाले.

"कापड ओरडत नाही."

"कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दहा आठवडे झाले असतील."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. "महिनाभर आधी आला असता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. दोष देत नव्हत्या. नोंद करत होत्या.

बाहेर बाकावर बसल्यावर मी सांगितलं. चिमणीच्या धड्यात फटी मला दिसल्या होत्या. सहा आठवड्यांपूर्वी.

काकांच्या डोळ्यात थेंब घातले होते. त्यांना मी नीट दिसत नसणार. "तुला तुटलेलं दिसलं होतं?"

"हो."

"आणि तू 'छान' लिहिलंस."

"मला वाटलं, चिमणी उडते म्हणून तुम्ही मुद्दाम..."

"मी कशाला उडवीन तिला? लेखकानं उडवली आहेच की." त्यांनी गालावर ओघळलेलं औषध पुसलं. मग म्हणाले, "मला वाटलं, मी आवळलेलं मोकळं केलं ते तुला आवडलं. मग मी आणखी केलं."

मला रडू आलं. काकूंनी मला रुमाल दिला आणि त्यांना म्हणाल्या, "पोरीला बोलू नका. तुम्ही कधी कुणाला बोलू दिलंत? घरात पडदा तिरका लागला म्हणायची सोय नाही. लगेच टेप मागता."

"बोललो का मी काही?"

"बोलायच्या आधीच सांगतेय."

तीन इंजेक्शनं झाली, महिन्याला एक. पहिल्या इंजेक्शननंतर आठवड्याने काका कामावर आले. बाईंनी तोवर बाहेरच्या एका माणसाशी बोलून ठेवलं होतं. वाचनपुस्तक त्याच्याकडे द्यायचं. त्यांनी ते काकांना सरळ सांगितलं. बाई वाईट नाहीत. शाळेची तारीख ठरलेली होती आणि छापलेले कागद रद्दीत गेले होते.

काका उभेच होते. "मी बिघडवलंय. मला निस्तरू द्या."

"दिसतंय का तुम्हाला?"

"डाव्यानं दिसतं."

"काका, तुम्हाला दिसतं असं तुम्हाला मागेही वाटत होतं."

त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. त्या एका वाक्याने त्यांची चौतीस वर्षं त्यांच्या हातातून काढून घेतल्यासारखं मला वाटलं. बाईंनाही ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस देते. पण प्रत्येक पानावर हिची सही पाहिजे. आणि ही 'नाही' म्हणाली की नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणशील का?"

"म्हणेन."

त्यांनी फाइल उघडली. हिरवी अक्षरं शेकड्यांनी होती. त्यांतली काही त्यांनी डोळा चांगला असताना नीट जुळवलेली होती. कुठली चांगली, कुठली बिघडलेली, हे निवडायला महिना लागला असता. काकांनी सगळा मजकूर निवडला आणि आकड्याच्या चौकटीत शून्य लिहिलं. सगळा हिरवा रंग एकदम गेला. चांगलं काम वाईटाबरोबर पुसलं गेलं. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चल. पान एक."

उजवा डोळा तळहाताने झाकला तर बाण मारायला हात उरेना. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांच्या वाचायच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर अडकवायला काळ्या कापडाची झडप शिवून दिली. दोन टिपा घातलेली, कडा दुमडलेल्या. दादांनी बघितलं आणि विचारलं, "कप्तान, जहाज कुठं लावलंय?"

"तुझ्या मशीनखाली. तेल गळतंय तिथं आपोआप तरंगतं."

पहिले दोन दिवस भयंकर गेले. काका एक अक्षर सरकवायचे आणि विचारायचे, "ठीक?" मी म्हणायचे, "ठीक." तिसऱ्या दिवशी त्यांनी कळफलकावरून हात उचलले.

"सतरा वेळा ठीक म्हणालीस. सतरा वेळा मी बरोबर असेन का?"

मी पेन्सिल बोटांत फिरवली.

"हे बघ, मला दया नको. दयेनं शिरोरेषा जुळत नाही. डावा डोळा अडाणी आहे, त्याला काही शिकवलंच नाही मी. तू सांगितलं नाहीस तर तो शिकणार कसा?"

मी पान परत बघितलं. सतरापैकी चार जागा मला खटकत होत्या. आधीपासून खटकत होत्या. मी पेन्सिलीने चार फुल्या मारल्या. त्यांनी एकेका फुलीवर हनुवटी टेकवून बघितलं. तीन मान्य केल्या. चौथीवर म्हणाले, "इथे तू चुकलीस." मी परत बघितलं. मी चुकले होते.

त्यानंतर काम पुढे सरकलं. काका आकड्याची चौकटही बघायला लागले. आधी डोळा, मग आकडा. आकडा अधिक झाला की हात मागे घ्यायचे. चौदाव्या दिवशी शेवटच्या पानावर मी सही केली आणि दादांनी मशीन सुरू केलं. बाई खाली जाऊन पहिला कागद स्वतः बघून आल्या. बाहेरच्या माणसाला फोन करून नको म्हणाल्या. काकांना फक्त एवढंच म्हणाल्या, "पुढचं काम सोमवारी येतंय."

याला आता आठ महिने झाले. उजव्या डोळ्यातलं झिरपणं थांबलंय. रेषा पहिल्यापेक्षा कमी वाकतात, पण वाकतात. डॉक्टर म्हणतात, आता एवढंच. मी त्या 'महिनाभर आधी'चं गणित अजून करते. काका करत नाहीत, किंवा मला दाखवत नाहीत.

दुपारनंतर त्यांचा डावा डोळा शिणतो. म्हणून मीही पानं लावायला शिकले. सकाळची पानं त्यांची, दुपारची माझी. माझी पानं ते दुसऱ्या दिवशी तपासतात. आज सकाळी माझ्या टेबलावर एक पान परत आलं होतं. त्यावर सात फुल्या होत्या. पाच जागी ते बरोबर होते. मी दुरुस्त्या केल्या. उरलेल्या दोन जागा तीनदा बघितल्या, आकडे बघितले, छापून बघितलं. मग पान घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले.

"काका, या दोन ठिकाणी तुम्ही चुकलात."

त्यांनी झडप खाली केली आणि खुर्ची थोडी सरकवून मला जागा दिली.

"दाखव," म्हणाले.